पट्टी, चाल आणि मंडळी : मराठी ख्रिस्ती उपासनासंगीताच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती उपासनासंगीताचा विषय निघाला की बोलणे कवींवर येते आणि बहुधा तिथेच थांबते. फादर स्टीफन्सच्या ओव्या आणि रेव्हरंड टिळकांची भजने यांना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हक्काची जागा आहे. पण रविवारी पट्टी धरून देणारा, मागे रेंगाळणाऱ्या मंडळीला ध्रुपदावर एकत्र आणणारा वादक आणि आदल्या संध्याकाळी तालीम घेणारा क्वायर मास्टर यांच्याकडे अभ्यासकाची नजर क्वचित वळते. गीत छापले जाते कवीच्या नावाने, टिकते मात्र या दोघांच्या मेहनतीवर. पुढची पाने त्यांच्यासाठी आणि त्यांच्याविषयी आहेत.

या अभ्यासाची सुरुवात कर्जत-खालापुरातून करण्याला कारण आहे. मुंबईचे किनारी कोकण आणि पुण्या-नगरचा देश यांच्यामध्ये हे तालुके बोरघाटाच्या पायथ्याशी पसरले आहेत. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-पुण्याची माणसे, वाद्ये, पुस्तके याच वाटेने ये-जा करू लागली. कर्जत तालुक्यातल्या माथेरानवर इंग्रजांच्या काळातले सेंट पॉल चर्च आहे, तर खालच्या गावांतून हरिपाठ, काकडआरती आणि सप्ताहाचे सूर उठतात. मराठी ख्रिस्ती गाण्याचे किनाऱ्यावरचे आणि देशावरचे दोन्ही प्रवाह समजून घ्यायला याहून सोयीची जागा नाही.

पहिला प्रवाह किनाऱ्याचा. थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला असला, तरी त्याची घडण मराठी पुराणांची आहे, आणि ओवी म्हटली की ती गळ्यावर चढते. दुसरीकडे, १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेल्या मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलसारख्या वास्तूंमधून पाइप ऑर्गन, स्टाफ नोटेशन आणि चार आवाजांचे समूहगान यांची शिस्त रुजली. ४ डिसेंबर १९६३ रोजी कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. त्यात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून प्रत्येक समाजाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत स्थान देण्यास सांगितले आहे. त्यानंतर मराठी मिस्सासाठी, म्हणजे मुख्य उपासनाविधीसाठी, गाणी आणि चाली उभ्या करणे ही क्वायरची नित्याची जबाबदारी झाली.

दुसरा प्रवाह देशावरचा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अहमदनगरच्या मंडळीला अभंग, भजन आणि कीर्तनाच्या वाटेने गाते केले. त्यांची गीते ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही गायली जातात. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले काव्य ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. या प्रवाहाचे वाद्य पेटी. पॅरिसच्या देबँ यांनी १८४२ मध्ये पेटंट घेतलेले हार्मोनियम भारतात आले, पायपेटीची हातपेटी झाली, आणि तबला-ढोलकीशेजारी तिने असे ठाण मांडले की देवळात, नाटकात आणि चर्चमध्ये तिच्यावाचून पान हलेना. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती तीन दशके टिकली. उपासकांनी मात्र तिला सोडले नाही.

हे दोन प्रवाह एका चर्चमध्ये भेटतात तेव्हा खरे प्रश्न उभे राहतात. पेटी आणि ऑर्गन यांच्या पट्ट्यांवरचा गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. मग गायकाने कोणाचे ऐकायचे? अभंगाच्या चालीखाली चार आवाजांची बांधणी केली की साथीच्या आवाजांतून रागाबाहेरचे स्वर शिरतात. ते कुठे शोभतात आणि कुठे चाल मोडतात? इंग्रजी स्तोत्राची मात्रासंख्या मराठी शब्दांवर लादली की ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होते. धुमाळी किंवा केरव्यात तोच मजकूर सहज बसतो. कोकणच्या पावसात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, भात्याचे कातडे दगा देते. वाद्याची निगा हाही या शास्त्राचा भाग आहे.

या प्रश्नांची उत्तरे एकट्याने टेबलाशी बसून मिळणार नाहीत. ऑर्गनवादकाने पेटीवाल्याची बोटे पाहावीत, क्वायर मास्टरने भजनीबुवा मंडळीकडून ध्रुपद कसे घोळवून घेतात ते ऐकावे, आणि दोघांनी एकच गीत आपापल्या रीतीने बसवून एकमेकांपुढे गावे. स्टाफ नोटेशन आणि भातखंडे लिपी अशा दोन्ही स्वरलेखनांत चाली उतरवून घेतल्या, तर एका मंडळीची चाल दुसऱ्या मंडळीच्या हाती सुखरूप पोचेल. नव्या अभ्यासकाने प्रथम ज्येष्ठ गायकांकडे जावे, त्यांच्या चाली ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि प्रत्येक चालीसोबत पट्टी, ताल, गाव आणि चाल कोणाकडून आली याची नोंद ठेवावी. छापील गीतसंग्रहात शब्द असतात. चाल माणसांत असते, आणि माणसाबरोबर जाते.

म्हणून या प्रस्तावनेच्या शेवटी एक विनंती. घाटाच्या वरच्या आणि खालच्या चर्चच्या वादकांना व क्वायर मास्टरांना एकत्र बसता येईल असा मेळावा कर्जत-खालापूरच्या परिसरातल्या एखाद्या चर्चने भरवावा. कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट, ऑर्गनवाले आणि पेटीवाले असा भेद न करता सर्वांना बोलवावे, आणि गावच्या भजनी मंडळींनाही सन्मानाने आमंत्रण द्यावे. ज्यांना स्वरलेखन येत नाही त्यांनी संकोच करू नये. त्यांच्या गळ्यातली चाल हेच या अभ्यासाचे मूळ साधन आहे. वाचकहो, आपल्या मंडळीत गायली जाणारी एक जुनी चाल या आठवड्यातच नोंदवून ठेवा. या क्षेत्रात आपले स्वागत आहे.