आजीची शपथ

आमच्या शाळेच्या कपाटात जुनी जनरल रजिस्टरे आहेत. पावसाळ्यापूर्वी ती उन्हात घालून झटकण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते, आणि झटकता झटकता पाने चाळण्याचा मोह मला आवरत नाही. त्यांत एक मौज आहे. पानेच्या पाने मुलांचा जन्म १ जूनचा! सारा गाव एकाच दिवशी बाळंत झाला होता की काय असे वाटावे. कारण अगदी साधे. नाव घालावयास आलेल्या बापाला पोराची तारीख सांगता येत नसे. “पूर आला होता त्या साली झाला,” किंवा “थोरलीच्या लग्नानंतरच्या आखाडात,” एवढेच तो सांगे. मग गुरुजी पोराला जवळ घेत, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो की नाही ते पाहत, साल ठरवीत, आणि तारखेच्या रकान्यात १ जून मांडून मोकळे होत.

माझी स्वतःची तारीखही तीच आहे. आई सांगत असे की मी नागपंचमीच्या आदल्या दिवशी झालो. पण शाळेने, नोकरीने आणि सरकारी कागदांनी १ जूनच धरून ठेवला, आणि आता तो दिवस उजाडला की आपण एका वर्षाने थोर झालो असे मलाही खरोखरीच वाटू लागते. यावर आम्ही घरी हसतो. पण हसून झाल्यावर मनात येते, आईचे म्हणणे तरी मी कशाच्या आधारावर खरे मानतो? स्वतःचा जन्म कोणाला आठवतो? आपण कोणाचे, कोणत्या घरचे, ही माणसाच्या ओळखीची पहिली ओळ. आणि नेमकी तीच ओळ आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते.

हा विचार मनात घोळू लागला की मला साताऱ्याचे छत्रपती रामराजे आठवतात. शिवछत्रपतींच्या वंशावळीत त्यांचे नाव आहे. पण त्यांच्याविषयी कोणी पोवाडा गात नाही, की परीक्षेत प्रश्न घालीत नाही. पराक्रमाच्या खाती त्यांच्या नावावर काही जमा नाही. पण ज्या माणसाला आपण कोण हे आजीने सांगितले, आणि त्याच आजीने पुढे ते शपथेवर पुसून टाकले, त्या माणसाची कथा एखाद्या कादंबरीहून कमी नाही.

ही आजी म्हणजे हंबीरराव मोहित्यांची कन्या, राजाराम महाराजांची राणी ताराबाई. १७०० साली सिंहगडावर राजाराम महाराज वारले, आणि पुढे सात वर्षे या बाईने औरंगजेबासारख्या बादशहाशी झुंज दिली. पण परक्या शत्रूपुढे जी हार गेली नाही ती घरच्या माणसांपुढे गेली. १७०७ साली शाहू महाराज सुटून आले, गादीचा तंटा लागला, आणि ताराबाईंना पन्हाळ्याचा आश्रय करावा लागला. तेथेही १७१४ साली सवत राजसबाई हिने आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसविले, आणि ताराबाई व त्यांचा मुलगा शिवाजी कैदेत पडले. हा शिवाजी कैदेतच १७२६ साली वारला.

त्याच्यामागे त्याच्या बायकोला मुलगा झाला. सवतीच्या पहाऱ्यात जन्मलेला गादीचा वारस किती दिवस जगणार? म्हणून ताराबाईंनी ते मूल गुपचूप गडाबाहेर काढले. ते मूल आडरानच्या घरांतून, नाव चोरून वाढले. पुढे पानगावास निंबाळकरांकडे दिलेली त्याची बहीण दर्याबाई हिच्या आश्रयास ते राहिले. गादीवर हक्क सांगणारा मुलगा, आणि आपण कोण हे मोठ्याने बोलायची त्याला चोरी!

पुढे १७३० साली शाहू महाराजांच्या सैन्याने पन्हाळकरांचा पराभव केला, ताराबाई हाती लागल्या, आणि त्यांनी साताऱ्यासच राहणे पत्करले. शाहू महाराजांना मुलगा नव्हता. त्यांचे अखेरचे दिवस जवळ येऊ लागले तेव्हा ताराबाईंनी इतकी वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली: माझा नातू जिवंत आहे. साताऱ्यात एकच खळबळ उडाली. शाहू महाराजांची राणी सकवारबाई हिने तर, हा पोर बनावट आहे, असा धोशा लावला. पण महाराजांनी ताराबाईंच्या शब्दावर भरवसा ठेवला. १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराज वारले, आणि पानगावच्या त्या तेवीस वर्षांच्या तरुणाला साताऱ्यास बोलावणे गेले.

तरी शंका फिटेना. नागपूरकर रघूजी भोसले यांनी एक अट घातली. ताराबाईंनी भोसल्यांच्या साऱ्या भाऊबंदांसमक्ष या मुलाबरोबर जेवावे, आणि त्या अन्नाची शपथ वाहून हा माझा नातू असे सांगावे. पंक्तीला कोण बसतो यावरून माणसाची जात, कूळ आणि पायरी ठरविण्याचा तो काळ. ताराबाई जेवल्या, शपथ वाहिली, आणि रघूजींचे समाधान झाले. जानेवारी १७५० मध्ये रामराजे छत्रपती झाले. एका घासाने माणूस राजा झाला!

त्या तरुणाच्या मनाचा विचार करा. काल जो नाव लपवीत होता त्याच्यापुढे आज अष्टप्रधान मुजरा करीत आहेत. पण या सगळ्याला आधार कोणता? स्वतःचे शौर्य नव्हे, विद्या नव्हे, स्मरणही नव्हे. पंचाहत्तर वर्षांच्या एका म्हातारीचा शब्द, एवढाच.

आणि शब्द ज्याचा त्याला तो परत घेता येतो, असे ती म्हातारी समजत होती. नातवाच्या आडून आपण राज्य करू असा ताराबाईंचा मनसुबा होता. नातू मात्र पेशव्यांच्या बाजूस झुकला. सप्टेंबर १७५० मध्ये सांगोल्यास करार झाला, आणि राज्याचा सारा कारभार नानासाहेब पेशव्यांच्या हाती गेला. ताराबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. त्याच वर्षी चंपाषष्ठीच्या निमित्ताने त्यांनी नातवाला अजिंक्यताऱ्यावर बोलावले. सण भोसल्यांच्या कुलदैवताचा, खंडोबाचा. पेशव्यांविरुद्ध उभा राहा, असे आजीने परोपरीने सांगून पाहिले. तो ऐकेना, तेव्हा गडाचे दरवाजे लागले आणि छत्रपती कैदेत पडले.

पण नुसत्या कैदेने आजीचे समाधान झाले नाही. हा माझा नातू नव्हेच, असे त्या म्हणू लागल्या. ज्या घरी मूल प्रथम नेऊन ठेवले तेथेच अदलाबदल झाली. हा भोसला नव्हे, गोंधळ्याचा पोर आहे. १७५१ साली गुजरातेतून दमाजी गायकवाड त्यांच्या मदतीस आला. पेशव्यांनी त्यालाच कैद केले. अखेर समेटाची बोलणी झाली, आणि सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबाच्या देवळात ताराबाई आणि पेशवे यांनी एकमेकांना शपथा दिल्या. त्या वेळी ताराबाईंनी देवासमोर सांगितले की रामराजा माझा नातू नव्हे. म्हणजे अडीच वर्षांपूर्वी अन्नाची शपथ घेऊन सांगितले तो आपला, आणि आता कुलदैवताची शपथ घेऊन सांगितले तो परका. दोहोंतली एक शपथ खोटी होती हे सांगावयास पंडित नको.

गोंधळ्याच्या पोटी जन्मण्यात उणेपणा तो कसला? ज्यांच्या संबळाशिवाय आपल्या घरची लग्नकार्ये पुरी होत नाहीत अशी ती देवीची माणसे. पण त्या दरबारात तो शब्द माणसाला गादीवरून खाली ओढण्यासाठी वापरला गेला. रामराजांना त्याचा प्रतिकार कसा करता येणार? मी पाळण्यात बदललो गेलो नाही, हे कोणता माणूस शपथेवर सांगू शकेल? त्यांच्याजवळ पुरावा होता तो आजीचाच, आणि आजीच उलटली होती.

आता खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. ताराबाईंची पहिली शपथ चालली, पण दुसरी चालली नाही. पेशव्यांनी ती ऐकून घेतली आणि रामराजांना छत्रपतीच राहू दिले. यात पेशव्यांचा स्वार्थ होता हे उघडच आहे. रामराजे खोटे म्हटले की सांगोल्याचा करार खोटा, आणि त्यांच्या नावाने झालेले सगळेच खोटे! शब्द एका म्हातारीचा होता तोवर ती तो देऊ शकत होती. पण शेकडो माणसांनी त्या शब्दावर मुजरे केले, कागद केले, वतने घेतली, तेव्हा तो शब्द तिचा राहिला नाही. आपली ओळख दुसरे देतात हे खरे. पण एकदा ती चार जणांच्या व्यवहारात गेली की देणाऱ्यालाही ती काढून घेता येत नाही.

डिसेंबर १७६१ मध्ये ताराबाई वारल्या, तोवर रामराजे गडावरच होते. पुढे माधवराव पेशव्यांनी त्यांना खाली साताऱ्यात राहण्याची मोकळीक दिली. माधवराव, नारायणराव, रघुनाथराव आणि सवाई माधवराव या चौघांनाही पेशवाईची वस्त्रे मिळाली ती याच रामराजांच्या नावाने. ज्याला आजी नातू म्हणावयास तयार नव्हती, त्याच्या नावावाचून पुण्याचा पेशवा पेशवा होत नव्हता. १७७७ साली रामराजे वारले. मरण्यापूर्वी त्यांनी वावीच्या भोसल्यांचा एक मुलगा दत्तक घेतला, तो दुसरा शाहू. वंश पुढे चालला तो जन्माने नव्हे, तर मांडीवर घेऊन “हा माझा” म्हटल्याने.

याच सुमारास, १७७६ साली, कोकणात याच्या उलट प्रकार घडत होता. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ परत यावेत अशी लोकांच्या मनाला इतकी ओढ होती की एका तोतयाला त्यांनी भाऊसाहेब मानले, आणि किल्ल्यांचे दरवाजे त्याला उघडले गेले. अखेर तो पुण्यात देहदंडाला गेला. इकडे भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही ते नाहीच. लोकांनी मानले म्हणून एक कनोजा ब्राह्मण काही दिवस भाऊसाहेब झाला. एका बाईने मानले म्हणून भाऊसाहेब तिच्यापुरते कधी मेलेच नाहीत.

असो. इतिहास सांगता सांगता मी रजिस्टरापासून दूर आलो. पण तेथेच मला परत यावयाचे आहे, कारण या गोष्टीत मीही थोडा गुन्हेगार आहे.

वीस वर्षांपूर्वी, मी नोकरीत नवा असताना, माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणित त्याला काही केल्या उमगत नसे. मी त्याला ‘मठ्ठोबा’ म्हणत असे. वर्ग हसे, तोही हसे, आणि हसतो आहे म्हणजे लागले नाही अशी मी समजूत करून घेई. गेल्या जूनमध्ये एक गृहस्थ आपल्या मुलाचे नाव घालावयास आले. ओळखले मी. दोन एकर बागाईत स्वतःच्या अकलेने उभे केलेला, पाण्याच्या पाटाचा आणि खताचा हिशेब तोंडपाठ असलेला माणूस. मुलाला पुढे करून तो म्हणाला, “गुरुजी, पोरगं माझ्यावरच गेलंय. सांभाळून घ्या. तुम्ही म्हणायचा तसंच, मठ्ठ.”

मी म्हणालो, “अरे, तू मठ्ठ नव्हतास. ती माझी चूक होती.” तो ओशाळून हसला, आणि म्हणाला, “असू द्या गुरुजी, तुमचा चांगुलपणा.”

माझ्या दुसऱ्या शपथेवर त्याने विश्वास ठेवला नाही.

दिवाळीला घर भरते. फराळाच्या ताटांभोवती थोरली माणसे लहानांना सांगत बसतात: तू असा होतास, तू तसा होतास, तू आजोबांवर गेलास. मुले कान देऊन ऐकतात, आणि त्या ऐकण्यातूनच आपण कोण हे मनात लिहून घेतात. म्हणून एवढेच सांगावेसे वाटते, की या दिवसांत पोरांविषयी जे बोलाल ते जपून बोला. त्यांच्या रजिस्टरात शाई आपल्याच हातची असते, आणि ती वाळल्यावर खोडता येत नाही.

त्या मुलाचे नाव मी लिहून घेतले. जन्मतारीख त्याच्या बापाने दाखल्यासह आणली होती. मग पोराला जवळ घेऊन मी एवढेच म्हणालो, “हुशार दिसतोस रे.” बाप चमकून माझ्याकडे पाहत राहिला.