वीस दिवसांचं दुखणं

नाशिकला सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला असताना एमएलसीच्या, म्हणजे मेडिको-लीगल केसच्या, रजिस्टरात मी आधी ओळखीची खूण लिहायचो: डाव्या गालावर तीळ. मग जखम. लांबी, रुंदी, खोली. कडा सरळ की फाटलेल्या. कोयता लिहायचं नाही, ‘धारदार वस्तू’ लिहायचं. कोयता पोलिसांनी शोधायचा.

दुखापत साधी की जबर, हे मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या १८६० च्या दंडसंहितेचं कलम ३२० ठरवायचं. प्रकार आठ. दात तुटला की जबर. पोटरीवर वीतभर चीर, पण हाड शाबूत, तर बहुधा साधीच! आठव्या प्रकारात वीस दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीचं काम बंद. आमचा मजूर तर द्राक्षछाटणीला दहाव्या दिवशीच बागेत हजर.

१ जुलै २०२४ पासून, दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेच्या कलम ११६ मध्ये, वीसचे पंधरा झाले.