आसन आणि मुठी : सायकलस्वाराला हादऱ्यांपासून वाचविण्याच्या योजनांचा इतिहास

सायकलीचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा चाक, साखळी आणि चौकट यांवर खिळलेले असते. यंत्र वेगवान कसे झाले, हा त्यांचा मुख्य प्रश्न. परंतु सायकल हे असे वाहन आहे की ज्यात इंजिन आणि प्रवासी एकच असतात. आगगाडीतील उतारूला हादरे बसले तर त्याची गैरसोय होते इतकेच. सायकलस्वाराला हादरे बसले की वाहनाची शक्तीच क्षीण होते. म्हणून मनुष्यदेह यंत्राला जेथे टेकतो त्या आसनाचा आणि हँडलच्या मुठींचा इतिहास हा केवळ सुखसोयीचा इतिहास मानणे योग्य नाही. पायडल हे तिसरे टेकण्याचे स्थान. पण गुडघा व घोटा यांच्या रूपाने निसर्गानेच तेथे स्प्रिंग बसविलेली असल्यामुळे त्याचा वेगळा विचार क्वचितच झाला.

12 जून 1817 रोजी कार्ल द्राइस याने मानहाइम शहरातून आपले लाकडी धावयंत्र बाहेर काढले तेव्हा त्याला पायडल नव्हते; स्वार जमिनीवर पाय मारीत पुढे जाई. आसनावर गादी होती हे सर्वांस माहीत आहे. मुद्दाम नोंदण्याजोगी गोष्ट ही की, स्वाराच्या पुढे एक आडवी, गादी लावलेली फळी होती आणि तिच्यावर कोपरापासूनचे हात टेकवावयाचे असत. दिशा बदलण्याचा दांडा तिच्याहून निराळा होता. देहाचा भार पेलणे आणि चाक वळविणे ही दोन कामे द्राइसने वेगळी ठेवली होती. पुढे हँडल एकच झाले आणि दोन्ही कामे तळहातांवर येऊन पडली. हातांच्या पुढील सर्व तक्रारींचे मूळ या एकत्रीकरणात आहे.

1860 नंतरच्या दशकात पॅरिस येथे मिशो यांच्या कारखान्यातून पुढच्या चाकाला पायडल जोडलेली वेलोसिपीड बाहेर पडू लागली. तिची चाके लाकडाची व त्यांवर बैलगाडीसारखी लोखंडी धाव. फरसबंद रस्त्यावरून ही गाडी चालली म्हणजे काय होत असेल, हे इंग्रजांनी तिला दिलेल्या ‘हाडे खिळखिळी करणारी’ या अर्थाच्या टोपणनावावरून समजते. कारागिरांनी उपाय शोधला तो घोडागाडीकडे पाहून. पोलादाची एक लांब कमान चौकटीच्या वर बसवून तिच्यावर आसन ठेवण्यात आले. हातांसाठी मात्र काहीच केले गेले नाही. त्याची गरजही फारशी भासली नसावी; कारण स्वार ताठ बसे व त्याच्या वजनाचा बहुतेक भाग आसनावर पडे.

1870 नंतर इंग्लंडात उंच चाकाच्या सायकली आल्या. पुढचे चाक अवाढव्य करण्याचा हेतू वेगाचा होता. पण त्यातून एक लाभ आपोआप पदरात पडला. चाकाचा व्यास जितका मोठा तितके ते खड्ड्यात कमी उतरते व दगडावर हळुवार चढते. भरीव रबराची धाव आणि आसनाखालची कमान यांची त्यास जोड मिळाल्यावर हादऱ्यांचा प्रश्न बराचसा सुटल्यासारखा झाला. स्वार तोंडघशी पडून मान मोडून घेण्याचा धोका मात्र वाढला.

तो धोका टाळण्यासाठी 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल बाजारात आणली आणि मिटत आलेला प्रश्न पुन्हा उभा राहिला. चाके लहान, धाव भरीव रबराची, आणि पुढच्या चाकाला बसलेला प्रत्येक ठोसा चिमट्यातून सरळ मनगटात. पुढील चारपाच वर्षे हा या विषयाचा खरा सुवर्णकाळ होय. अमेरिकेत ओव्हरमन कंपनीने आपल्या ‘व्हिक्टर’ सायकलीच्या पुढच्या चिमट्यालाच स्प्रिंग बसविली. इंग्लंडात आणि अमेरिकेत स्प्रिंगच्या चौकटींचे पेटंट घेण्याची जणू अहमहमिका लागली.

या साऱ्यांत विचाराच्या दृष्टीने श्रेष्ठ ठरते ती लंडनच्या लिन्ली आणि बिग्ज या कंपनीची 1885 ची ‘व्हिपेट’. तिचे महत्त्व समजण्यासाठी आसनाखालच्या स्प्रिंगेचा दोष ध्यानात घ्यावा लागतो. आसन खाली दबते तेव्हा आसन व पायडल यांमधील अंतर कमी होते. पाय पुरता लांब होऊन जोर लावण्याच्या क्षणी आसनच खाली गेले, तर पावलाचा नेम चुकतो. हँडललाही स्प्रिंग लावावी तर दिशेवरचा ताबा सैल होतो. शिवाय आसन एका तालात आणि हँडल दुसऱ्या तालात हलू लागते. लिन्ली आणि बिग्ज यांनी आसन, हँडल व पायडल ही तिन्ही स्थाने एका ताठ त्रिकोणात जखडली आणि तो संपूर्ण त्रिकोण चाकांच्या चौकटीवर एका दणकट स्प्रिंगेच्या आधारे टांगला. चाके खालीवर होत. पण स्वाराची तिन्ही अंतरे तसूभरही बदलत नसत. यंत्राचे दोन भाग पाडावयाचे, एक रस्त्याचा आणि एक माणसाचा, ही कल्पना इतक्या स्वच्छपणे त्यापूर्वी कोणी मांडली नव्हती. अर्थात सांधे वाढले, वजन वाढले व किंमतही वाढली.

व्हिपेटला हरविले ते दुसऱ्या चौकटीने नव्हे. बेलफास्ट येथे राहणारा स्कॉटिश पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने 1888 मध्ये आपल्या मुलाच्या तिचाकीला हवेने फुगविलेली रबरी नळी गुंडाळली. 1889 च्या मे महिन्यात विली ह्यूम याने त्याच शहरात या टायरांवर शर्यती जिंकल्या आणि दोनतीन वर्षांत भरीव रबर मागे पडले. रॉबर्ट विल्यम थॉमसन याने हवेच्या टायरचे पेटंट 1845 मध्येच घेतले होते. परंतु तेव्हा त्या टायरला साजेल अशी सायकलच अस्तित्वात नव्हती.

हवेच्या टायरचा विजय इतका निर्णायक का झाला? धक्का जेथे उत्पन्न होतो तेथेच टायर तो गिळतो. खडा लागला की टायरचा तेवढाच भाग आत दबतो. चाक, चौकट व स्वार यांपैकी काहीही उचलावे लागत नाही. त्यामुळे आराम तर मिळतोच, पण उचलण्यात वाया जाणारी शक्तीही वाचते. आसनाची स्प्रिंग स्वाराला वाचविते. त्याच्या खालची सर्व सायकल मात्र उडतच राहते. स्प्रिंगच्या चौकटी यानंतर जवळजवळ नाहीशा झाल्या, हे म्हणूनच स्वाभाविक होते. परंतु टायर आल्यावर स्प्रिंगेची गरजच संपली, हे जे सर्रास लिहिले जाते ते खरे नाही. शर्यतीच्या सायकलीपुरते ते खरे आहे. ज्या सायकलीवर माणसे रोज कामाला जात, तिच्या आसनाखालची स्प्रिंग कधीच गेली नाही.

त्या आसनाचे श्रेय मुख्यतः बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्स याच्याकडे जाते. 1866 पासून त्याचा चामड्याचा व घोड्याच्या सरंजामाचा धंदा होता आणि 1882 मध्ये त्याने सायकलच्या आसनाचे पेटंट घेतले. जाड चामडे पुढच्या टोकापासून मागच्या कडेपर्यंत ताणून बसविलेले, मध्ये आधार नाही. चामडे स्वतःच झोळीसारखे लवते व वापराने स्वाराच्या अंगाचा आकार घेते. त्याखाली वेटोळ्यांच्या स्प्रिंगा. खोगीर करणाऱ्याची ही विद्या यंत्रयुगात टिकून राहिली, यात नवल नाही.

याहून धाडसी प्रयोग मिकेल पेडरसन या डॅनिश कारागिराचा. इंग्लंडातील डर्स्ली गावी राहत असताना त्याने दोरखंडी विणीचे, खऱ्या अर्थाने झोळीसारखे आसन तयार केले. ते टांगावयाचे तर दोन उंच टोके हवीत. नेहमीच्या चौकटीत ती नव्हती. तेव्हा पेडरसनने आसनासाठी चौकटच नवी रचली : पुलाच्या कैचीप्रमाणे बारीक नळ्यांचे अनेक त्रिकोण, आणि त्यांच्या शिरोभागी ताणलेली झोळी. 1893 मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. आसनापासून आरंभ करून सबंध सायकल घडविल्याचे असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचे उत्पादन थांबले.

भारतात प्रथम विलायतेहून आणि पुढे वरळीची हिंद सायकल्स, मद्रासची टी. आय. सायकल्स (1949), सोनपतची अ‍ॅटलस (1951) अशा कारखान्यांतून जी काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची सायकल घरोघर पोचली, तिच्यावर ब्रुक्सच्याच घाटाची स्प्रिंगदार सीट असे. गिरणी कामगार, पोस्टमन, शिक्षक, दूधवाले यांचा दिवसाचा कित्येक तास याच सीटवर जाई. मात्र या योजनेची मर्यादा ‘डबलसीट’ या शब्दात उघडी पडते. पुढच्या नळीवर बसलेले मूल आणि मागच्या कॅरिअरवर बसलेली व्यक्ती यांच्या वाट्याला स्प्रिंग नसते. त्यांचा भार, आणि दुधाच्या कॅनचाही, ताठ चौकटीवर पडतो. त्यांना वाचविणारा एक टायरच. स्वाराखाली स्प्रिंग घालावी की चाकाखाली, हा प्रश्न येथे केवळ शास्त्रीय राहत नाही.

हातांची पाळी उशिरा आली. करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होण्याचा सायकलस्वारांचा विकार वैद्यांना ठाऊक होता. तळहाताच्या कडेची शिरा हँडलवर दीर्घकाळ दाबली गेल्याने तो होतो. परंतु तो वाकून बसणाऱ्याचा विकार आहे. ताठ बसणाऱ्याच्या हातांवर वजनच थोडे, आणि कोपर किंचित वाकवले की त्याला आपली स्प्रिंग मिळते. 1938 मध्ये अमेरिकेतील श्विन कंपनीने पुढच्या चिमट्याला स्प्रिंग दिली, पण ती जाड टायरांच्या, वजनदार सायकलींवर. 1962 मध्ये अ‍ॅलेक्स मोल्टन याने केवळ 16 इंची चाकांची सायकल काढली तेव्हा दोन्ही चाकांना स्प्रिंग देण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण लहान चाक प्रत्येक खड्ड्यात उतरते. ‘मिनी’ मोटारीची रबरी स्प्रिंग त्यानेच रचली होती. सायकलीच्या मागच्या चाकालाही त्याने रबरच वापरले. त्याच वर्षी जॉन वुडबर्न याने मोल्टनवरून कार्डिफ ते लंडन हा विक्रम केला. स्प्रिंगेची सायकल मंद असते, या समजुतीला तो मोठाच धक्का होता.

1989 मध्ये रॉकशॉक्सचा दबणारा चिमटा डोंगरी सायकलींसाठी विक्रीस आला. 1992 व 1993 मध्ये जिल्बेर द्युक्लो-लासाल याने दगडी रस्त्यांसाठी कुप्रसिद्ध असलेली पॅरिस-रूबे शर्यत तसल्याच चिमट्यावर जिंकली. 1994 मध्ये आंद्रेई च्मिल यानेही. तरीही रस्त्याच्या शर्यतीत तो रुजला नाही. काही थोड्या मैलांच्या दगडांसाठी दीडशेहून अधिक मैल ते ओझे वाहणे शर्यतवाल्यांना परवडेना. याच सुमारास लहान योजना पुढे आल्या : हँडलच्या मानेत बिजागरी व रबराचा ठोकळा, आणि आसनाच्या दांड्यात समांतरभुज सांधे. दुसऱ्या प्रकारात दबलेले आसन सरळ खाली न जाता मागे सरकत खाली जाते, त्यामुळे पायडलपासूनचे अंतर फारसे बदलत नाही. लिन्ली आणि बिग्ज यांना सतावणाऱ्या अडचणीवर हा कमी खर्चाचा तोडगा म्हणावा लागेल.

2012 मध्ये ट्रेक कंपनीने ‘डोमाने’ सायकलीत आसनाची नळी वरच्या नळीपासून सांध्याने मोकळी केली, जेणेकरून ती स्वतःच वाकावी. पुढच्याच वर्षी फाबियान कान्चेलारा याने तिच्यावरून पॅरिस-रूबे जिंकली. 2016 मध्ये स्पेशलाइज्डने चौकटीचे डोके आणि हँडलची मान यांच्यामध्ये 20 मिलिमीटर दबणारी स्प्रिंग बसविली. ती चाकाच्या बाजूला नाही, चौकटीच्या वर आहे. चाक व चौकट ताठच राहतात आणि दबतात ते फक्त स्वाराचे हात.