गोवारी की गोंडगोवारी?

मानवशास्त्र हा विषय माझ्या बी.ए.ला नव्हता. मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र एवढ्या भांडवलावर मी पदवीधर झालो आणि मास्तरकीला लागलो. तरी हा विषय वर्षानुवर्षे माझ्या टेबलावर होताच. त्याचे नाव दाखल-खारीज रजिस्टर! जून महिन्यात बाप पोराला घेऊन यायचा. नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि पुढचा रकाना जातीचा. बाप सांगेल ते गुरुजी लिहीत. कोणी 'गोवारी' म्हणे, कोणी 'गोवारा', क्वचित कोणी 'गोंडगोवारी'. त्या वेळी या फरकाचे कोणाला काही वाटत नसे. आज त्याच रकान्याच्या नकलेसाठी माणसे या शाळेतून त्या शाळेत फिरतात. शाळेचे रजिस्टर, कोतवाल पंजी, जमिनीचे जुने कागद... आजोबा-पणजोबाच्या नावापुढे कोणता शब्द लिहिला गेला, यावर नातवाचे कॉलेज आणि नोकरी ठरते.

आमचे कोहमारा म्हणजे मुंबई-कोलकाता महामार्गावरचा चौक. इथून एक रस्ता गोंदियाला जातो, दुसरा नवेगावबांधकडे. ट्रकवाले चहाला थांबतात, तेवढीच बाहेरच्यांना या गावाची ओळख. पण हमरस्ता सोडून थोडे आत गेले की गोंड, हलबा, कोहळी, पोवार, कुणबी, ढिवर, बौद्ध, गोवारी अशी मिसळलेली वस्ती लागते. (नवेगावबांधचा तो प्रचंड तलाव कोहळ्यांचा. त्यांच्यावर कधीतरी वेगळे लिहीन.)

गोवारी हा गाई राखणारा समाज. सकाळी गावची गुरे आखरावर जमायची, गायकी ती रानात न्यायचा आणि दिवस कलला की परत आणायचा. मोबदला वर्षाकाठी धानात. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी त्याचा मान. मग मंडईचे दिवस सुरू झाले की गोवाऱ्यांच्या ढाली वाजतगाजत निघायच्या. अजूनही निघतात, पण बाकीचे बरेच गेले. रानातल्या चराईवर बंधने येत गेली. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू होते. ट्रॅक्टर आले आणि बैल कमी झाले. राखायला गुरे उरली नाहीत, तेव्हा गोवाऱ्याच्या पोराने शाळेशिवाय दुसरीकडे कुठे पाहायचे?

आणि शाळेच्या पुढे दाखला उभा!

२३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. गावोगावचे गोवारी ट्रकने, एस.टी.ने, बायकालेकरांसह मोर्चाला गेले होते. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ मोर्चा अडवला गेला आणि संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसे मेली, त्यांत बाया आणि लेकरेच जास्त. आज नागपुरात झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव आहे. पुलावरून रोज हजारो गाड्या जातात. ही माणसे कशासाठी गेली होती, असे विचारले तर आजच्या किती तरुणांना सांगता येईल?

मागणी एका शब्दाची होती. अनुसूचित जमातींच्या यादीत १९५६ च्या दुरुस्तीनंतर गोंडांच्या नोंदीत 'गोंडगोवारी' हा शब्द आहे. नुसता 'गोवारी' नाही. समाजाचे म्हणणे, ते गोंडगोवारी म्हणजे आम्हीच. सरकारचे म्हणणे, ते वेगळे आणि तुम्ही वेगळे. एप्रिल १९८५ च्या एका शासन निर्णयाने ही रेषा पक्की केली होती. त्या ११४ बळींनंतर, १९९५ साली, गोवाऱ्यांना विशेष मागास प्रवर्गात घेतले गेले. २ टक्क्यांत इतरही जाती होत्या. मूळ प्रश्न तिथेच राहिला.

आता हा 'गोंडगोवारी' शब्द आला कुठून? त्यासाठी १९१६ सालच्या एका पुस्तकाकडे जावे लागते. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा 'द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया', चार खंड. रसेल हे आय.सी.एस. अधिकारी. १९०१ ची मध्य प्रांताची जनगणना त्यांच्या देखरेखीखाली झाली आणि त्याच सुमाराला हिंदुस्थानभर जाती-जमातींच्या पाहणीचे काम सरकारने काढले. माहिती कोणी गोळा केली? लेखांच्या तळटीपा वाचा. तहसीलदार, कारकून, शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर! आमच्याच खात्यातली माणसे हो! दौऱ्यावर गेले, चार म्हाताऱ्यांना विचारले, टिपण पाठवून दिले.

त्या पुस्तकात गोवारी ही गुराख्यांची जात म्हटली आहे आणि तिच्यात गोंडांचे रक्त मिसळले आहे असे सांगितले आहे. तिचे तीन भाग दिले आहेत. गायगोवारी, इंगा आणि मारिया किंवा गोंडगोवारी. कोण कोणाच्या हातचे शिजवलेले खातो, त्यावरून उच्च-नीच लावले आहे. झाले, एवढेच. लिहिणाऱ्याला स्वप्नातही वाटले नसेल की शंभर वर्षांनी या मजकुराचा न्यायालयात कीस पडणार आहे!

तो पडला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला, की गोंडगोवारी नावाची वेगळी जमात १९११ च्या आधीच नामशेष झाली होती, तेव्हा यादीतला शब्द गोवाऱ्यांनाच लागू. गावात गुलाल उधळला गेला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. गोंडगोवारी नामशेष झाले असे म्हणता येत नाही, गोवारी आणि गोंडगोवारी वेगळे आहेत, आणि राष्ट्रपतींच्या यादीतला शब्द जसा आहे तसाच वाचायचा. मधल्या सव्वादोन वर्षांत ज्यांना प्रवेश आणि नोकऱ्या मिळाल्या त्यांना मात्र धक्का लावला नाही. म्हणजे एका घरात थोरला आदिवासी आणि धाकटा विशेष मागास, असेही होऊ शकते. रसेल-हिरालालांचे तेच पुस्तक दोन्ही न्यायालयांपुढे होते.

न्यायाधीशांना मी दोष देत नाही. त्यांना कायदा पाहायचा असतो. घटनेच्या कलम ३४२ प्रमाणे यादीत बदल करायचा अधिकार संसदेचा. आणि दुसरी बाजूही विसरू नये. खोट्या दाखल्यांनी गोंडांच्या, हलब्यांच्या पोरांच्या जागा गेल्या आहेत, ही त्यांची तक्रार खरी आहे. हलबा-कोष्टी प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाला हेच सांगावे लागले. माझा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे. एका काळी, एका माणसाने पाहून लिहिलेले वर्णन आपण मोजपट्टी म्हणून वापरतो.

इरावती कर्वे यांनी या बाबतीत फार मोलाचे काम केले आहे. त्या बर्लिनला कवट्या मोजायला शिकल्या, पुण्याला डेक्कन कॉलेजात आल्या आणि महाराष्ट्रभर हिंडून माणसे मोजली. पण मोजता मोजता त्यांच्या लक्षात आले, की एका नावाखाली मोडणारे गट एकाच मुळाचे असतीलच असे नाही. कुंभार म्हणजे एक जात नव्हे, आपापसातच लग्ने करणारे अनेक गट आहेत. १९६१ च्या त्यांच्या हिंदू समाजावरच्या पुस्तकात हा विचार आहे. नावावरून माणूस ओळखायला निघालेल्यांनी तो आधी वाचावा.

आणि आम्ही काय करतो? १९९४ च्या माधुरी पाटील निकालापासून पडताळणीत कुळदैवत, लग्नाची रीत, मयताची रीत विचारतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी, जातीने हलबा, बारावी सायन्सला होती. महिनाभर ती आजीजवळ बसून आपल्याच घराण्याच्या रीती पाठ करत होती. जीवशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर! आजीला जे आपोआप येत होते ते नातीला घोकावे लागले, याचा अर्थ नात खोटी? सुदैवाने न्यायालयांनाही हे जाणवले. स्थलांतराने आणि आधुनिक शिक्षणाने रीती बदलतात, असे २०११ च्या एका निकालात म्हटले आहे. मार्च २०२३ मध्ये तर तीन न्यायाधीशांनी स्पष्ट केले, की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे आणि जुने कागद मजबूत असतील तर ती प्रत्येक वेळी हवीच असेही नाही. मग पुन्हा आले आमचे गुरुजी आणि त्यांचे रजिस्टर...

मानवशास्त्राचे शिक्षण शहरात अडकून आहे, असे मला वाटते. १९८५ साली सुरू झालेल्या 'पीपल ऑफ इंडिया' पाहणीने देशातले ४,६३५ समाज नोंदवले. मोठेच काम! पण आमच्या भागातल्या पोरांनी आपल्याच गावाची टिपणे काढावीत, ही सोय कुठे आहे? मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता गोंडी भाषेचे आणि पुनेमचे अभ्यासक झाले. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला आज एवढा समाज जमतो, त्यामागे त्यांच्यासारख्यांची खटपट आहे. सिंधू लिपी त्यांनी गोंडीतून वाचली, ते मला पटत नाही. पण ज्यांच्याविषयी लिहिले जात होते, त्यांच्यातलाच माणूस लिहू लागला. रसेलच्या तळटीपांत असा माणूस शोधावा लागतो.

मीही निवृत्तीनंतर एक वही केली आहे. गेल्या मंडईत जवळच्या गावच्या ढाली आल्या होत्या. सोबतच्या एका म्हाताऱ्या गोवाऱ्याजवळ बसलो आणि विचारू लागलो. ढाल कोणाची, लग्नात मामाचा मान काय, मयत पुरता की जाळता? त्याने माझ्या वहीकडे पाहिले.

"गुरुजी, तुमी बी कमिटीत लागले का जी?"

नाही म्हटल्यावर हसला, तंबाखू मळायला घेतली आणि मग तासभर सांगत राहिला. अकरा पाने झाली.