‘याच्यासाठी वेगळी शाळा बघा’ : एका वाक्याचा इतिहास

आजचा थ्रेड मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावरचा आहे, पण त्यात सिद्दी नाहीत आणि आंग्रेही नाहीत. त्यात माझा सात वर्षांचा भाचा आहे, आणि गेल्या जूनमध्ये त्याच्या मुख्याध्यापकांनी माझ्या बहिणीला ऐकवलेले एक वाक्य आहे : “ताई, याच्यासाठी वेगळी शाळा बघा.”

वाक्य उर्मटपणे उच्चारलेले नव्हते. शाळेत शिक्षक दोन आणि इयत्ता चार. भाचा स्वमग्न आहे. घंटा झाली की कान झाकून वर्गाबाहेर पळतो; विचारलेला प्रश्न उत्तरादाखल जसाच्या तसा परत म्हणतो; बंदरातल्या होड्यांवर रंगवलेले नोंदणी क्रमांक मात्र एकदा वाचले की विसरत नाही. ‘वेगळी शाळा’ आमच्या गावाहून रोज जाऊन-येऊन करण्याजोग्या अंतरावर नाही. गुरुजींना हे ठाऊक होते, ताईलाही ठाऊक होते. तरीही ते वाक्य इतक्या सहजपणे आले, की ते त्यांचे स्वतःचे नसून कुठून तरी चालत आलेले आहे, असे मला वाटत राहिले.

सर्वांना शाळा हा विचार आपल्याकडे नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. गोखल्यांचे १९११ चे विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्ती आणली आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. स्पर्धा परीक्षांच्या कृपेने हे सगळे आपल्याला पाठ आहे.

परंतु सक्तीच्या प्रत्येक कायद्याला सुटीचे एक कलम असते, आणि ते कोणी पाठ करत नाही. दंड कोणाला करायचा हे लिहिताना कोणाला करायचा नाही, हेही लिहावे लागते. १९६० चा दिल्लीचा प्राथमिक शिक्षण कायदा इतर राज्यांसाठी नमुना मानला गेला. गैरहजेरीची वाजवी कारणे कोणती, याची यादी त्यात आहे. जवळपास शाळा नसणे हे एक कारण. मुलाला शारीरिक वा मानसिक व्यंग असणे हे आणखी एक. म्हणजे असे मूल आयुष्यभर घरी बसले, तरी पालकांनी काही मोडले नाही आणि सरकारनेही काही चुकवले नाही. अशा मुलाला विशेष शाळेत पाठवण्याचा आदेश काढण्याची सोय त्याच कायद्यात होती. अर्थात तशी शाळा जवळ असेल तर. गुरुजींच्या वाक्याचे मूळ मला इथे सापडले. सक्तीने मुलांचे दोन भाग केले, आणि दुसऱ्या भागाला ‘सूट’ हे सौम्य नाव दिले.

पदव्युत्तर अभ्यासासाठी मी गावातल्या शाळांची जनरल रजिस्टरे चाळतो. (हल्ली त्यांच्याभोवती नोंदी शोधणाऱ्यांची गर्दी असते, पण सर्वांची नजर जातीच्या रकान्यावर.) शेवटचा रकाना असतो ‘शाळा सोडण्याचे कारण’. परगावी गेला. सतत गैरहजर. घरकामास्तव, हे बहुतेक मुलींच्या नावापुढे. एका पानावर आमच्याच आळीतल्या एका दादाचे नाव दिसले. इयत्ता पहिली, चार महिने, आणि कारण : ‘मतिमंद’. तो आज पन्नाशीला आला आहे. दिवसभर जाळी विणतो, आणि भरती-ओहोटीच्या वेळा त्याच्याइतक्या अचूक कोणी सांगत नाही. त्याला नेमके काय होते, याचे निदान मी करणार नाही. कागदावरून माणसाचे निदान करणे हा आमच्या विषयाचा धंदा नव्हे. पण त्या शब्दाखेरीज दुसरा शब्द लिहिण्याची सोयही त्या काळच्या रजिस्टरात नव्हती. गावात त्याला ‘येडा’ म्हणतात. ‘अलिबागसे आया है क्या’ या वाक्प्रचाराने अपमान होतो म्हणून आमच्याच जिल्ह्यातून उच्च न्यायालयात याचिका गेली होती आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली, हे वाचताना मला हा दादा आठवला होता.

आता थोडे लांब जाऊ. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांवर निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात वेगळी ओळख मिळाली ती तिथून. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षी संस्थेत ठेवले गेले होते. आईवडिलांनी सुमारे वर्षभराने परत आणले. वडिलांनी कॅनरला मुलाविषयी ३३ पानांचे टंकलिखित पत्र पाठवले. आईने गावच्या शाळेला राजी केले. डोनाल्ड गावच्या शाळेत शिकला, १९५८ मध्ये पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. ही गोष्ट सांगणारे बहुधा एक तपशील घाईने ओलांडतात : ती बँक त्याच्या आजोळची होती. वडील वकील होते. ज्या घरात वकिली आणि बँक दोन्ही आहेत, त्या घरच्या मुलाला शाळा नाही म्हणत नाही.

आपल्याकडे पालकांनी दुसरी वाट धरली. मुंबईत जय वकील यांनी १९४४ मध्ये आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा काढली. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुलगी मालिनी हिच्यासाठी मुंबईतच ‘स्पास्टिक्स सोसायटी’ उभी केली. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी विद्यामंदिर’ सुरू केले; त्याही अशाच एका मुलाच्या आई. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ स्थापले. ही यादी अभिमानाने सांगितली जाते. मला ती वाचताना अस्वस्थ वाटते. मुलाला प्रवेश हवा, तर आईने आधी संस्था उभी करावी, अशी ती रीत होती. शहरात एखादी असामान्य आई ते करू शकते. खाडीच्या पलीकडची आई काय करणार?

कायद्याचे म्हणाल, तर त्याने स्वमग्न मुलांना दारातून पुनःपुन्हा परत पाठवले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, पण तो कायदा शाळेचा नव्हता. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सर्व बालकांचा. अपंगत्वाची व्याख्या मात्र त्याने १९९५ च्या कायद्यातून उचलली, आणि त्या सात जणांच्या यादीसह ही उणीवही आत आली. दुरुस्तीला २०१२ उजाडले. स्वमग्नतेचे प्रमाणपत्र कसे द्यायचे, याची मार्गदर्शक तत्त्वे एप्रिल २०१६ मध्ये निघाली; भारतीय बनावटीची चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी त्यासाठी ठरली. तोवर अनेक मुलांच्या हाती पडे ते मतिमंदत्वाचे प्रमाणपत्र. आळीतल्या दादाच्या रकान्यातला शब्द, फक्त त्याच्यावर शिक्का.

मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्याचे कलम ३१ वाचा. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या बालकाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या निवडीनुसार, मोफत शिक्षणाचा हक्क. त्याच्या निवडीनुसार. शाळेच्या नव्हे, तपासणाऱ्या डॉक्टरच्या नव्हे. ‘वेगळी शाळा बघा’ हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी कालबाह्य झाले.

कायद्याच्या दृष्टीने. रायगडच्या माणसाने या दोन शब्दांवर थांबावे. मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव संमत केला : सार्वजनिक पाणवठे, तसेच शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तळ्याला हात लागला २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांसह हजारो लोक चालत गेले तेव्हा. त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल मिळायला १९३७ उजाडले. अस्पृश्यता आणि दिव्यांगत्व यांची बरोबरी मी करत नाही. दोन्हींची जात वेगळी आहे. पण ठराव आणि पाणी यांच्यात किती वर्षे मावतात, हे याच जिल्ह्याने (तेव्हाच्या कुलाब्याने) मोजून दाखवले आहे.

इथे पाणी म्हणजे विशेष शिक्षक. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक, असे प्रमाण घालून दिले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले, की आधी पदे तरी मंजूर करून जाहीर करा.

ताईने प्रमाणपत्रासाठी तीन फेऱ्या मारल्या. अर्ज मी लिहिला : तीन पाने, ट्रिपलेट यांच्याहून तीस कमी. कलम १६ आणि ३१ वर टाकली आणि मागण्या खाली उतरवल्या. गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकांच्या ठरलेल्या भेटी. वर्षभराचा लेखी वैयक्तिक आराखडा. घंटेआधी दोन मिनिटे त्याला चित्राचे कार्ड दाखवणे. एक वाक्य ताईने स्वतः घातले : “मी विशेष शाळेला कमी लेखत नाही, जवळ असती तर तीही पाहिली असती.” मला ते आधी कमकुवत वाटले होते. आता वाटते, अर्जातले सर्वांत कायदेशीर वाक्य तेच. निवड खरी असायला दोन्ही दारे उघडी लागतात. नुसते नाव पटावर घेऊन मुलाला मागच्या बाकावर बसवून ठेवणे हेही समावेशन नव्हे. तोही सुटीचाच एक प्रकार.

विशेष शिक्षिका आता गुरुवारी येतात. एसटी चुकली की येत नाहीत. कार्ड मात्र चालते. पहिले काही दिवस ताई दाखवायची, आता गुरुजीच दाखवतात, आणि भाचा कान झाकून जागेवर बसून राहतो. आकडे शिकवायला गुरुजींनी होड्यांचे क्रमांक घेतले आहेत. ही युक्ती अर्जात नव्हती.

जनरल रजिस्टरात त्याचे नाव चढले आहे. शेवटचा रकाना कोरा आहे.

तुमच्यापैकी कोणाला गावची जुनी रजिस्टरे पाहायला मिळत असतील, तर तोच रकाना वाचा आणि अशा नोंदी भेटल्या तर नावे झाकून, साल आणि शब्द तेवढे मला कळवा. किनाऱ्यावरच्या शाळांपासून सुरुवात केली आहे.