मायना आणि मजकूर

मराठ्यांची जुनी पत्रे प्रथम हाती घेणाऱ्याची थोडी निराशाच होते. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत'पासून आरंभ, मग 'राजमान्य', मग 'गोसावी यांसी', मग नमस्कार किंवा दंडवत. आपले कुशल कळवायचे, त्यांचे विचारायचे. एवढे ओलांडावे तेव्हा कुठे मजकुरास हात लागतो! परंतु हा नुसता डामडौल नव्हे. लिहिणारा कोण, ज्यास लिहिले तो कोण, दोघांत थोर कोण, हे दोन ओळींत ठरून जाई. हेमाडपंताच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकांत याचे नियमच दिलेले आहेत. शेवटी शिक्का 'मर्यादेयं विराजते'. मजकूर येथे संपला, याखाली कोणी अक्षर वाढवू नये.

मधला मजकूर मोडीत. त्यात शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हे नाहीत. वाचणारा अडला तर लिहिणारा पन्नास कोसांवर. जासूद परत धाडून खुलासा मागवायचा तर दिवस मोडत. म्हणून वाचणाऱ्याच्या मनात उद्या काय शंका येईल, हे लिहिणाऱ्याला आजच ओळखावे लागे. आमच्या मते स्पष्ट लेखनाची सारी विद्या एवढ्यातच आहे.

याचा उत्तम नमुना म्हणजे शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीस गेलेले पत्र. 1674 च्या राज्याभिषेकाच्या थोडे अगोदरचे. घोडदळाचा मुक्काम चिपळुणाजवळ होता, पावसाळा तोंडावर होता. पत्र जुमलेदार, हवालदार व कारकून यांना आहे. हुकूम तसा लहान: दाणा, वैरण जपून वापरा, रयतेस त्रास देऊ नका. एका ओळीत आटोपला असता. पण महाराज पुढचे सगळे चित्र उभे करतात. आत्ता मनास येईल तशी वैरण चाराल तर ऐन पावसात ती मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. मग तुम्ही मुलखास त्रास देऊ लागाल. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला. कुणबी आधीच जेमतेम जीव धरून आहेत, ते गाव सोडतील, काही उपाशी मरतील. आणि त्यांना वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. हवे ते बाजारातून विकत घ्या.

पुढे तर आम्ही थक्क होतो. कोणी चुली पेटवतील, कोणी तंबाखूस विस्तव घेतील, रात्री दिवा तसाच राहील आणि जळती वात उंदीर ओढून नेईल. गवताच्या गंजीला आग लागली, मग कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना ताकीद केली, तरी खण उभारायला एक लाकूड मिळायचे नाही! राज्य उभारणारा माणूस उंदराचा विचार करतो. 'आगीपासून सावध असावे' एवढेच लिहिले असते, तर हवालदाराने मान डोलावून दिवा जळताच ठेवला असता.

कडक पत्रालाही हीच कसोटी. 1675 च्या जानेवारीत प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना महाराजांनी रागाने लिहिले. पद्मदुर्गाच्या कामी आरमारास द्यायचे पैसे व रसद त्यांनी पोहोचवली नव्हती. त्या पत्रात राग आहे, पण काय अडले, कोणामुळे अडले आणि ब्राह्मण म्हणून कोणाची गय होणार नाही, हेही तितकेच स्वच्छ आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. 1761 साली पानिपतानंतर उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एक सावकारी पत्र लागले, असे सांगतात. त्यात दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि गणती नसलेली चांदी-तांबे बुडाल्याची नोंद होती. सावकाराने ते सांकेतिक भाषेत लिहिले, ते शत्रूस कळू नये म्हणून. पेशव्यांना मात्र अर्थ तत्काळ लागला. वाचणारा कोण हे ज्याला ठाऊक आहे, त्याने झाकून लिहावे.

आज ईमेल क्षणात पोहोचते. शंका आली तर उलट विचारता येते, म्हणून लिहिणारा निर्धास्त असतो. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असे लिहून तो मोकळा होतो. कोणती, कोणी, केव्हा, हे विचारण्यात दहा जणांचा दिवस जातो. मायना गेला त्याचे आम्हांस दुःख नाही. पण त्या छावणीतल्या कारकुनाला दिवा कधी विझवायचा, हे पुन्हा विचारावे लागले नसावे.