नैतिक दैव : दोष कृतीचा की परिणामाचा?

जी गोष्ट कर्त्याच्या हाती नव्हती, तिच्यावरून त्याला दोषी किंवा निर्दोष ठरविणे न्याय्य आहे का, हा प्रश्न आधुनिक नीतिशास्त्रात ‘नैतिक दैव’ या नावाने ओळखला जातो. येथे ‘दैव’ म्हणजे ललाटलेख नव्हे; माणसाच्या नियंत्रणाबाहेर राहिलेले सारे काही, एवढाच त्याचा अर्थ.

वादाचा आरंभ

१९७६ मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स आणि अमेरिकी तत्त्वज्ञ टॉमस नेगल यांनी या विषयावर एकाच परिसंवादात निबंध सादर केले. पुढे विल्यम्स यांचा निबंध १९८१ मध्ये, तर नेगल यांचा १९७९ मध्ये, ज्याच्या-त्याच्या निबंधसंग्रहात सुधारित रूपात आला.

नेगल यांच्या युक्तिवादाचे मर्म पुढील उदाहरणातून स्पष्ट होते. दोन ट्रकचालकांनी ब्रेक तपासून घेण्याची टाळाटाळ केली. पहिला सुखरूप घरी पोचला. दुसऱ्याच्या वाटेत अचानक एक मूल आले, ब्रेक वेळेवर लागला नाही आणि मूल दगावले. निष्काळजीपणा दोघांचा सारखाच. तरीही पहिल्याला आपण फार तर दोन शब्द सुनावतो आणि दुसऱ्याला एका मृत्यूस जबाबदार धरतो. मूल वाटेत येणे वा न येणे मात्र दोघांपैकी कोणाच्याही हातचे नव्हते.

दैवाचे चार प्रकार

नेगल यांनी दैवाचे चार प्रकार सांगितले. पहिला परिणामांचा, वरील उदाहरण त्यातलेच. दुसरा परिस्थितीचा : नाझी राजवटीत क्रौर्याला हातभार लावणारा एखादा जर्मन नागरिक त्याआधीच अर्जेंटिनात स्थायिक झाला असता, तर कदाचित निरुपद्रवी आयुष्य जगला असता. तिसरा स्वभावाचा, कारण रागीटपणा किंवा भित्रेपणा कोणी निवडून घेत नाही. चौथा पूर्वकारणांचा : आपली इच्छादेखील आधीच्या कारणांतूनच घडते. हे चारही वजा केले, तर ज्याचा दोष द्यावा असे कर्त्याचे स्वतःचे काही उरते का, असा नेगल यांचा पेच आहे.

जुनी मुळे

हा प्रश्न अगदी नवा नाही. अॅडम स्मिथ यांनी १७५९ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात, आपल्या भावना परिणामांमागे कशा धावतात याची चर्चा केली होती. इमॅन्युएल कांट यांच्या मते सदिच्छेचे मोल यशापयशावर अवलंबून नसते. लोकमान्य टिळकांनीही ‘गीतारहस्य’ (१९१५) मध्ये कांटच्या मताचा परामर्श घेत, कर्माच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ मानली. म्हणजे मराठी वाचकाला या वादाची एक बाजू शंभर वर्षांहून अधिक काळ परिचित आहे.

कायदा काय करतो?

कायदा मात्र परिणामाला मोठे वजन देतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ नुसार सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालविण्यास कमाल सहा महिने कारावास, एक हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निष्काळजी कृतीने मृत्यू ओढवला, तर कलम १०६ (१) नुसार सर्वसाधारणपणे कारावासाची मर्यादा पाच वर्षांपर्यंत जाते. चालकाची चूक तीच असली, तरी शिक्षेतील अंतर मोठे आहे. डेव्हिड लुईस यांनी १९८९ च्या निबंधात याचीच चिकित्सा केली : प्रयत्न फसलेल्या आणि साधलेल्या गुन्हेगारांना वेगळी शिक्षा देणे, म्हणजे शिक्षेचा काही भाग सोडतीवर सोपविण्यासारखे नव्हे का?

उत्तरे आणि आक्षेप

एका पक्षाच्या मते नैतिक दैव हा केवळ आभास आहे. परिणाम हा दोषाचा भाग नसून पुरावा आहे. अपघात झाला म्हणून चालकाची बेफिकिरी आपल्याला कळते, एवढेच. मायकेल झिमरमन यांनी आणखी एक भेद केला : दुसरा चालक अधिक गोष्टींना जबाबदार असेल, पण तेवढ्याने तो अधिक दोषी ठरत नाही.

विल्यम्स यांचा रोख वेगळा होता. काहीही चूक नसताना ज्याच्या गाडीखाली कोणी सापडले, असा चालक घ्या. इतर लोक त्याची समजूत काढतील आणि ते योग्यच आहे. पण ‘माझा काय दोष?’ असे म्हणून तो लगेच निर्धास्त झाला, तर आपल्याला ते खटकेल. बघ्याच्या हळहळीहून वेगळ्या असलेल्या या भावनेला आपण ‘कर्त्याची खंत’ म्हणू. सुसान वुल्फ यांनी हा धागा पुढे नेला. दोघे चालक समान दोषी असले, तरी आपल्या हातून घडलेल्याचे ओझे कर्त्याने स्वतःहून स्वीकारणे हा एक सद्गुण आहे, असे त्या सुचवितात.

वादातून काय हाती लागते?

वाद मिटलेला नाही. पण त्याने दोन प्रश्न वेगळे केले आहेत. दोष किती, हा एक. घडून गेल्यावर आपण काय देणे लागतो, हा दुसरा. ज्याच्या हातून जीव गेला, त्याच्यावर मृताच्या कुटुंबाचे असे देणे येते, जे दुसऱ्या चालकावर येत नाही. मात्र सुखरूप पोचलेल्या चालकानेही आपली सुटका म्हणजे निर्दोषत्व समजू नये. ब्रेक न तपासता गाडी बाहेर काढल्याचा जाब त्यालाही स्वतःला विचारावाच लागतो.